कॅमेऱ्याची उलटी चाकं

"यात मुलगा कुठे आहे?" अवीने विचारलं.

मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवलं. "हा काय."

"ती खुर्ची आहे, मोशे."

मी चष्मा पुसून परत बघितलं. खुर्चीच होती. मुलगा तिच्या पलीकडे काळोखात होता. हसत होता म्हणून दात दिसले आणि सापडला.

असे शंभरावर फोटो. बार मित्स्वाचे. मुलगा तेरा वर्षांचा झाला की सिनेगॉगमध्ये पहिल्यांदा तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचतो, तो समारंभ. शनिवारीही वाचतात, पण तो शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, त्या दिवशी कॅमेरा चालवता येत नाही. म्हणून ज्यांना फोटो हवेत ते गुरुवारी सकाळी करतात. गुरुवारी मी फोटो काढले, आणि शुक्रवारी दुकान बंद करायच्या आधी अवी मला ते दाखवत होता.

"कॅमेरा बिघडलाय," मी म्हणालो.

"कॅमेरा नवा आहे. जपान्यांनी डोकं लावून बनवलाय. कॅमेरा बरोबर आहे, मोशे. बोट चुकतंय."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

अवी माझा बॉस. इस्राएलमधल्या लोद गावच्या बाजारात त्याचा स्टुडिओ होता आणि मी त्यात एकोणीस वर्षं फोटो काढत होतो. त्याचे आईबाप मोरोक्कोचे, माझे अलिबागकडचे. तो माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मुंबईत असतो तर मी त्याला शेठ म्हटलं असतं आणि त्याने मला मोझेस म्हटलं असतं. इथे तो अवी आणि मी मोशे. इथे पंतप्रधानालाही लोक नावाने हाक मारतात, तिथे अवीची काय कथा.

मी चौथी शिकलेला. हे लाजून सांगत नाही. पाचवीत गेलो असतो तर कदाचित कारकून झालो असतो. त्याऐवजी भायखळ्याला एका स्टुडिओत प्रिंटा धुवायला लागलो, आणि तिथल्या उस्तादाने मला उजेड मोजायला शिकवला. मीटर नाही, काही नाही. हाताची पाठ समोर धरायची, तिच्यावर पडलेला उजेड बघायचा. आकडा आपोआप तोंडात येतो. माझ्या हाताच्या पाठीने कधी बॅटरी मागितली नाही.

आता चाकांचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

फोटो काढणं म्हणजे कॅमेऱ्यात उजेड भरणं, नळाखाली बादली भरतात तसं. नळ किती उघडायचा हे एक, आणि किती वेळ उघडा ठेवायचा हे दुसरं. नळ म्हणजे लेन्समधलं भोक, त्याला अॅपर्चर म्हणतात. वेळ म्हणजे शटर. बादली अर्धी राहिली तर फोटो काळा. वाहून गेली तर पांढरा.

माझ्या जुन्या फिल्मवाल्या कॅमेऱ्यावर भोकाची कडी लेन्सवर होती, डाव्या हाताखाली. वेळेचं चाक वर, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली. उजवीकडे फिरवलं की उजेड जास्त. एक क्लिक म्हणजे एक पायरी, म्हणजे उजेड दुप्पट नाहीतर निम्मा. बोटांना पाठ झालेलं. जेवताना घास कानात जातो का कुणाचा?

नव्या डिजिटल कॅमेऱ्यात डाव्या हाताला कामच नाही. दोन्ही चाकं उजव्या हाताला. एक पुढे, पहिल्या बोटाखाली, ते भोकाचं. एक मागे, अंगठ्याखाली, ते वेळेचं. आणि दोन्ही उजवीकडे फिरवली की उजेड कमी. शिवाय तीन क्लिक फिरवा तेव्हा एक पायरी होते. म्हणजे आपण पावशेर मागितल्यावर वाण्याने तीन पुड्या बांधून द्याव्यात, तसं.

गुरुवारी तो पहिल्यांदाच कामावर घेऊन मी उन्हातून सिनेगॉगमध्ये आत गेलो. आत अंधार. बोटाने आपलं काम केलं, चाक उजवीकडे. अजून अंधार वाटला, अजून उजवीकडे. उजेड वाढवतोय समजून मी नळ बंद करत होतो.

"पण मागे पडदा आहे," अवी म्हणाला. "फोटो काढला की लगेच दिसतो. एकदा तरी बघायचं."

"भात शिजला की नाही बघायला जी दर मिनिटाला झाकण उघडते, तिला स्वयंपाक येत नाही."

"तुझा भात करपलाय, मोशे."

त्याने आल्बम वाचवला तो लिरोनच्या फोटोंवर. ती बायकांच्या बाजूने काढत होती. लिरोन म्हणजे स्टुडिओतली दुसरी फोटोग्राफर. चोवीस वर्षांची, सैन्यातून सुटून आलेली. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, समाजातलीच. तिची आजी आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते. मी मराठीत बोललो की ती हिब्रूत उत्तर देते आणि मला सबा म्हणते, म्हणजे आजोबा. मी काही तिचा आजोबा नाही, पण माझ्या डोक्याकडे बघून तिने ठरवलं असावं.

अवीने निकाल सांगितला. "रविवारपासून तू काउंटरवर. पाकिटं द्यायची, फ्रेमा पुसायच्या. बाहेरची कामं लिरोन करेल."

"आणि मंगळवार?"

मंगळवारचं काम आमच्याच सिनेगॉगचं होतं. नवीन सेफर तोरा येणार होता. सेफर तोरा म्हणजे चामड्यावर हाताने लिहिलेली तोरा, तिची गुंडाळी. लिहायला वर्ष वर्ष लागतं. एखादं कुटुंब मयत माणसाच्या नावाने लिहून घेतं आणि मिरवणुकीने, डोक्यावर छत धरून, सिनेगॉगमध्ये आणतं. हा सेफर एझ्राभाईंनी बायकोच्या नावाने लिहवून घेतला होता. त्यांच्या तिन्ही मुलींच्या लग्नाचे फोटो मी काढलेले. त्यांनी अवीला फोनवर सांगितलं होतं, मोझेसच पाहिजे.

अवीने डोकं खाजवलं. "ठीक आहे. दोघं जा. बुधवारी मी बघेन. तुझ्या फोटोत माणसं दिसली तर पेन्शनीपर्यंत कॅमेरा तुझा. खुर्च्या दिसल्या तर काउंटर."

पेन्शनीला दोन वर्षं होती. दोन वर्षं फ्रेमा पुसायच्या, आणि त्याही दुसऱ्याने काढलेल्या फोटोंच्या.

घरी फ्लोराला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती मासे साफ करत होती.

"बसा की काउंटरवर," ती म्हणाली. "पंखा आहे तिथे."

"मी फोटोग्राफर आहे."

"असाल. आपल्या घरात सत्तावीस आल्बम आहेत, आणि एकात तरी तुम्ही आहात का? उद्या नातवंडांनी विचारलं, सबा कसा दिसायचा, तर काय दाखवू? माझ्या बहिणीच्या लग्नातलं ते कोपर?"

खरं होतं. माझ्या धाकट्या मेहुणीच्या लग्नाच्या एका फोटोत कडेला एक कोपर आहे, ते माझं. कॅमेरा दुसऱ्याला देऊन मी त्यात घुसायला गेलो होतो, पण त्या गृहस्थाला कॅमेरा सरळ धरता येत नव्हता. तेव्हापासून मी कॅमेरा कुणाच्या हातात दिला नाही.

रविवारी सकाळी कॅमेऱ्याबरोबर आलेलं मॅन्युअल मी काउंटरवर उघडलं. दोनशे पानं, इंग्रजी. मला इंग्रजी दुकानाच्या पाटीइतकं येतं. पाटी दोनशे पानांची नसते.

"सबा, काय शोधतोस?" लिरोनने विचारलं.

"हा कॅमेरा सरळ कसा करायचा ते."

"तो सरळच आहे."

"मग मी उलटा आहे का?"

तिने मला खालून वर बघितलं. म्हणजे काय ते समजा. पण तिने कॅमेरा घेतला, मागचं मेनूचं बटण दाबलं आणि खाली खाली जात राहिली. मग थांबली. तिच्या भुवया वर गेल्या.

"इथे आहे," ती म्हणाली. "चाकांची दिशा उलटी करता येते."

"कर."

"दोन्ही चाकांची कामं अदलाबदल करता येतात."

"कर. वेळ पहिल्या बोटाला दे. भोक अंगठ्याला."

"आणि एका क्लिकला एक पूर्ण पायरी."

"कर, कर. ते आधी कर."

"सबा, लोक महिनाभरात नवा कॅमेरा शिकतात. तुला कॅमेऱ्यालाच शिकवायचंय."

"मी पासष्टचा आहे, तो तीन महिन्यांचा. शिकायचं वय कुणाचं?"

तिने केलं. मी कॅमेरा हातात घेतला, दाराशी गेलो, उन्हात हाताची पाठ धरली, बोट फिरवलं. क्लिक. बोट घरी आलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. उन्हामुळेही असेल.

तेव्हा वाटलं, जपान्यांनी खरंच डोकं लावलंय. त्यांना माहीत होतं की लोदला एक म्हातारा आहे आणि तो ऐकायचा नाही.

स्टुडिओत असे दोन कॅमेरे होते, जुळे. माझ्या कॅमेऱ्यावर खूण म्हणून फ्लोराच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. अवीने तो बघितला.

"हे काय?"

"हा माझा. याची चाकं उलटी केलीत."

"उलटी? आणि दुसऱ्या कुणाला वापरायचा झाला तर?"

"दुसऱ्याने कशाला वापरायचा?"

"बेसेदेर," अवी म्हणाला. म्हणजे ठीक आहे. त्याच वेळी त्याचा फोन वाजत होता. पुढे काय झालं ते बघता त्याने अर्धंच ऐकलं असावं.

मंगळवारी चार वाजता एझ्राभाईंच्या घरापासून मिरवणूक निघाली. गाडीवर भोंगे, पोरांच्या हातात झेंडे, आमच्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून. साडीवाल्या बायका बघून रस्त्यावरचे रशियन शेजारी गॅलरीत आले. मधे चार काठ्यांवर छत, आणि छताखाली एझ्राभाई, छातीशी सेफर. चांदीचा पत्रा मारलेल्या पेटीत तो उभा असतो. ऊन तिरपं. पेटी आरशासारखी चमकत होती.

फोटोग्राफरला याहून वाईट जागा नाही. छत हललं की सेफर उन्हात, पुन्हा हललं की सावलीत. माणसं नाचतायत, म्हणून छतही नाचतंय. दर चार पावलांना उजेड बदलणार. चाकाकडे बघत बसलात तर मिरवणूक पुढे निघून जाते.

मी बघितलं नाही. ऊन, क्लिक. सावली, क्लिक क्लिक. चांदी जास्त चमकली, अंगठा एक पाऊल मागे. बोटं आपली चालली होती आणि मी फक्त तोंडं बघत होतो. एझ्राभाई रडत होते. ते मला मिळालं. त्यांची मोठी मुलगी पेटीला बोट लावून बोटाचं चुंबन घेत होती, तेही मिळालं. नाचणाऱ्या पुरुषांच्या गोलात मी, आणि बायकांच्या बाजूला लिरोन, कारण तिकडे मला जाता येत नाही आणि इकडे तिला.

अवीही आला होता. हात खिशात घालून माझ्या अंगठ्याकडे बघत चालला होता. दोनदा म्हणाला, "पडद्यावर बघ." दोन्ही वेळा मला भोंग्यामुळे ऐकू आलं नाही.

सिनेगॉगचं फाटक पन्नास पावलांवर राहिलं तेव्हा एझ्राभाई थांबले. आमच्यात रीत आहे. सेफर एकट्याने आणायचा नाही. वाटेत ज्याला त्याला द्यायचा, म्हणजे सगळ्यांना मान मिळतो. आठ-दहा जणांना देऊन झाला होता. एझ्राभाईंनी माझ्याकडे बघितलं.

"मोझेस, घे."

"एझ्राभाई, काम चालू आहे."

"काम रोजचं आहे. घे."

सेफर नको म्हणता येत नाही. मोठ्यातला मोठा माणूस म्हणत नाही, मी कोण. आणि तो दोन्ही हातांनी छातीशी धरावा लागतो. गळ्यात कॅमेरा असेल तर चांदीवर आपटणार. मी पट्टा डोक्यावरून काढला आणि जो हात शेजारी दिसला त्याच्यात दिला. हात अवीचा होता.

चाकांचं सांगायला सुचलंच नाही. सेफर छातीशी आल्यावर माणसाला चाकं सुचत नाहीत. जड असतो. तान्हं मूल जसं झोपेत जड होतं, तसा.

आणि मग काय बघतो, अवी माझ्यापुढे उलटा पळतोय. खिशातले हात बाहेर, कॅमेरा डोळ्याला. वीस वर्षांनी लहान असला तरी पोट माझ्याहून मोठं, घाम निथळतोय. "मोशे, इकडे. मान वर. हस." एकोणीस वर्षं मी लोकांना जे सांगत आलो ते तो मला सांगत होता. मी मान वर केली. हसलोही. मनात म्हटलं, फ्लोरा, कोपर विसर आता.

फाटकात मी सेफर पुढच्या माणसाला दिला आणि कॅमेरा परत घेतला. चाकं भलत्याच जागी फिरलेली. मी ती जागेवर आणली आणि आत शिरलो. मलीद्याचं, म्हणजे आमच्या गोड पोह्यांच्या प्रसादाचं, ताट होईपर्यंत काढत होतो.

बुधवारी सकाळी तिघं कॉम्प्युटरपुढे बसलो. आधी लिरोनचे फोटो. चांगले होते. मग माझे. अवी एकेक बटण दाबत गेला. एझ्राभाईंचा रडताना आला तेव्हा थांबला. डोळ्यातलं पाणी दिसत होतं, आणि पेटीवरची नक्षीही दिसत होती. दोन्ही एका फोटोत येणं सोपं नाही, विचारा कुणालाही.

"कोल हाकावोद," लिरोन म्हणाली. म्हणजे शाबास. मी चष्मा पुसला. गरज नव्हती.

अवीने पुढचं बटण दाबलं. पडदा पांढरा झाला.

परत दाबलं. पांढरा. परत. त्याहून पांढरा. असे चाळीस.

"कॅमेरा बिघडलाय," अवी म्हणाला.

मी शुक्रवारपासून वाट बघत होतो. "कॅमेरा नवा आहे," मी म्हणालो. "जपान्यांनी डोकं लावून बनवलाय. कॅमेरा बरोबर आहे, अवी. बोट चुकतंय."

लिरोन हसता हसता स्टुलावरून घसरली. अवी लाल झाला. "चांदी चमकत होती. मी उजेड कमी करत होतो. तीन क्लिक उजवीकडे. तरी चमकतेय वाटलं, म्हणून अजून तीन."

"सहा क्लिक म्हणजे सहा पायऱ्या," मी म्हणालो. "माझ्या कॅमेऱ्यात उजवीकडे म्हणजे जास्त. तू नळ पूर्ण सोडलास. आणि मागे पडदा होता ना? एकदा तरी बघायचं."

"तू बघतोस?" अवी म्हणाला.

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण तेवढ्यात लिरोनचं हसणं थांबलं.

"सबा," ती म्हणाली, "या फोटोंत कोण आहे?"

मी पडद्याजवळ गेलो. सगळीकडे दूध सांडलेलं. मधे पेटीच्या टोकाची एक घुंगरी. तिच्या बाजूला चष्म्याची दांडी, आणि अर्धी मिशी.

माझी.

अवीने कॉम्प्युटरवर खटपट करून बघितली, काळं वाढवलं, हे केलं, ते केलं. काळ्या फोटोतून थोडंफार काढता येतं. पांढऱ्यात काहीच नसतं. वाहून गेलेलं पाणी बादलीत परत येत नाही.

"मोशे, मला वाईट वाटतं," अवी म्हणाला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"तुझं बोट बरोबर होतं," मी म्हणालो. "चाकांचं मी तुला सांगायला पाहिजे होतं."

असो. कॅमेरा पेन्शनीपर्यंत माझ्याकडे राहिला. एझ्राभाईंचा रडतानाचा फोटो अवीने मोठा करून दुकानाच्या काचेत लावला, आणि विचारणाऱ्यांना तो आपल्या स्टुडिओचं काम म्हणून सांगायचा. लिरोनने त्याच आठवड्यात मॅन्युअलमध्ये शोधून काढलं की कॅमेऱ्यात सेटिंगचे चार खण असतात. एका खणात माझी उलटी चाकं, दुसऱ्यात अवीची सरळ. कॅमेरा दुसऱ्याला देताना नुसता खण बदलायचा. खणाला नाव देता येतं. माझ्या खणाला तिने इंग्रजी अक्षरांत नाव दिलं, सबा. चार अक्षरं, तेवढं इंग्रजी मी वाचलं.

आणि हो, मी आता मागच्या पडद्यावर बघतो. पहिल्या फोटोनंतर, एकदा. कुणी बघत नाही असं बघून.

शिकण्यासारखं म्हणाल तर एवढंच. हत्यार आपल्या हाताला बसवून घ्यावं, त्यात लाज नाही. पण दुसऱ्याच्या हातात देताना सांगावं. सांगायला तीन क्लिकांचाही वेळ लागत नाही.

त्या चाळीसांपैकी सगळ्यात कमी पांढरा फोटो अवीने छापून, फ्रेम करून दिला. फ्लोराने तो जेवणाच्या टेबलाजवळच्या भिंतीला लावला. पाहुणे येतात, निरखून बघतात, घुंगरी दिसते, मिशी दिसते, मग विचारतात, हे कोण?

"आमचे हेच," ती सांगते. "स्वतःच्या हाताने पुसलेले."